चवळीच्या शेंगेचा नवरा

आई,

काल मी चवळीच्या शेंगेला पाहिलं. दुपारची जेवणं आटोपली होती, नातवाने टीव्हीवर काहीतरी खटाटोप करून जुने इंग्रजी विनोदी सिनेमे शोधून काढले होते, कारण मी त्याला आपल्या अंबरनाथच्या क्लबचं सांगून सांगून वीट आणला होता. एक सुरू झाला आणि तीच आली. तीच लांब मान, तशाच पेन्सिलीने ओढल्यासारख्या भुवया, वाऱ्याने विस्कटल्यासारखे पण एकेक बट जागच्या जागी असलेले केस. ही आमची शेंग, मी म्हटलं, आणि त्याला आजीचं हसू आलं. मग ती पिठाच्या पिंपात पडली. मी ताठ बसले. पिंपातून ती पांढरीफटक बाहेर येते, पापण्यांवरचं पीठ फुंकते, हे मला सत्तर वर्षं पाठ आहे. हाच तो त्या श्रावणातला सिनेमा. मी नातवाला म्हटलं, आता बघ, ही नवऱ्याचं पान वाढून झाकून ठेवील आणि घर सोडून जाईल, आणि तिसऱ्या दिवशी तो तिला शोधत येईल. तो म्हणाला, "आजी, कुठला नवरा?" मी म्हटलं, थांब जरा. सिनेमा संपला. मी त्याला परत पहिल्यापासून लावायला लावला. त्यात नवराच नाही, आई. ती एका श्रीमंत बापाची बिनलग्नाची मुलगी, गंमत म्हणून कुणाच्या तरी घरी स्वयंपाकीण होऊन राहते, तिला अंडंसुद्धा उकडता येत नाही. घरमालक आणि ती दीड तास भांडतात आणि शेवटी धोब्याच्या गाडीत बसून भांडत भांडतच लग्नाला जातात. संपलं. माझे हातपाय गार पडले. सून म्हणाली, साखर कमी झाली असेल, आणि लाडू आणून दिला.

तू म्हणशील, इतकं काय त्यात. म्हणून सगळं मांडते, जसं मला आठवतं तसं. स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. गोरे साहेब कारखान्यातून गेले, पण त्यांची शनिवारी संध्याकाळी क्लबात इंग्रजी सिनेमा दाखवायची रीत मागे राहिली. पत्र्याच्या डब्यांतून रिळं यायची, भिंतीवर चादर लागायची. साहेबलोक पुढे खुर्च्यांवर, बायका मागे बाकांवर, आम्ही मुलं सतरंजीवर. मी अकरा वर्षांची आणि झोपाळू. दुसरं रीळ संपेपर्यंत माझी मान कलंडलेली असायची. बाबा क्लबाचे चिटणीस, त्यामुळे तुला दर शनिवारी जाणं भागच होतं. तुला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. घरी येताना वाटेत तू बाबांना विचारायचीस, ती एवढं काय म्हणत होती हो? बाबा म्हणायचे, काहीतरी फाजील बोलते. एवढ्या भांडवलावर तू दुसऱ्या दिवसापासून आख्ख्या वसाहतीला सिनेमा सांगायचीस.

आणि काय सांगायचीस. चवळीची शेंग हे नावही तूच ठेवलंस. वसाहतीतल्या निम्म्या बायकांना सासवा क्लबात पाठवत नसत, त्यांना शेंग भेटली ती तुझ्याच तोंडून. त्यांचा समज असा झाला होता की ही एकच बाई आहे आणि दर महिन्याला तिच्या आयुष्यातलं पुढचं काहीतरी येतं. मग पंचाईत व्हायची. कुणीतरी विचारायचं, मागच्या खेपेला तर मिशीवाल्याशी लागलं होतं हिचं, हा कोण नवीन? हळदीकुंकवाच्या बैठकीत नवरा वारला म्हणणं बरं दिसत नाही, काडीमोड म्हणणं त्याहून वाईट. तू क्षणभरही न अडता सांगायचीस, तो बोटीवर गेलाय. अशी तू शेंगेचे चार-पाच नवरे बोटीवर धाडलेस. मला तेव्हा वाटायचं, अमेरिकेच्या बोटी फार मोठ्या असणार.

समोरच्या काकू यातल्या एकाही सिनेमाला कधी आल्या नाहीत. त्या चोवीस-पंचविशीच्या असतील, माहेर दूर कोकणात, नवरा कारखान्याच्या स्टोअरमध्ये. तो त्यांच्याशी बोलत नसे. भांडण वगैरे काही नाही, नुसता बोलत नसे. लग्नाच्या पंगतीत घास देताना तो उखाणा अर्ध्यात विसरला आणि काकू फस्सकन हसल्या, तेव्हापासून त्याने जी जीभ आवरली ती सहा वर्षं, असं बायका म्हणायच्या. काही हवं असलं तर तो भिंतीला सांगायचा. आज मीठ कमी आहे. उद्या सदरा लागेल. आमचा व्हरांडा आणि त्यांचं दार समोरासमोर, त्यामुळे ही भिंतीची बोलणी मी स्वतः ऐकली आहेत. आम्हा मुलांना त्याचं हसू यायचं, आम्ही घरात आपापसांत भिंतीशी बोलायचा खेळ खेळायचो. एकदा तू तो खेळ ऐकलास आणि मला अशी चपराक दिलीस की कान वाजत राहिला. त्याआधी तू माझ्यावर कधी हात उचलला नव्हतास. काकूंना मूल नव्हतं. तरीही जिवतीच्या पूजेला सवाष्ण म्हणून तू त्यांनाच आधी बोलवायचीस. त्या येऊन कोपऱ्यात बसायच्या आणि शेंगेची गोष्ट निघाली की एकच प्रश्न विचारायच्या: "वहिनी, दोघं बोलतात का हो एवढं खरंच? सारखं?" तू म्हणायचीस, अगं, दम लागेपर्यंत.

तो श्रावणातला शुक्रवार. जिवतीचा कागद भिंतीला डकवलेला, दूध, फुटाणे, दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या मुठीत अक्षता. तुझा आवाज खणखणीत म्हणून कहाणी वाचायचं काम कायम तुझं. तू पोथीतली कहाणी वाचलीस, आणि अक्षता वाहायला सांगायच्या आधीच कुणीतरी म्हणालं, शनिवारचा शेंगेचा सिनेमा राहिलाय सांगायचा. हीच चूक झाली, आई. मुठी उघडल्याच नाहीत. तू आधी पिठाच्या पिंपाचं सांगितलंस, हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तुझ्या मांडीपाशीच होते. तू एकदा कोपऱ्याकडे पाहिलंस आणि तुझा सूर बदलला, पोथी वाचतानाचा झाला. तू म्हणालीस:

"आटपाट नगर होतं. तिथं आपल्या शेंगेचा संसार होता. घरात काही कमी नव्हतं, पण नवरा बोलेना. सकाळी बोलेना, संध्याकाळी बोलेना. शेंगेनं काय केलं? भांडली नाही, रडली नाही. एके दिवशी स्वयंपाक केला, पान वाढलं, वर ताट झाकलं. देवापाशी दिवा लावला. पिशवी घेतली नि मावशीकडे गेली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी नवरा उठला, दारोदार विचारत निघाला. आणि ती सापडली तेव्हा असा बोलत सुटला, असा बोलत सुटला, की मावशी म्हणाली, अहो, जरा श्वास तरी घ्या."

बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. आणि तोंडची सवय म्हणून तू पुढे बोलून गेलीस, उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. मग सगळ्यांनी अक्षता वाहिल्या. काकूंची मूठ सर्वांत शेवटी उघडली, घामाने दाणे तळव्याला चिकटले होते, ते त्यांनी एकेक करून जिवतीच्या कागदावर सोडले. मी हे पाहिलं. तू पाहिलंस की नाही, ते मला कालपासून विचारायचं आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार. माझी सकाळची शाळा सुटलेली, तू पोळ्या करत होतीस. काकू दारात उभ्या राहिल्या, नेसूचं चांगलं लुगडं, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "वहिनी, मी निघाल्ये. पान वाढून झाकलंय. दिवा लावलाय. पण मला इकडे मावशी नाही हो कुणी." तव्यावरची पोळी करपायला लागली, धूर झाला, तरी तू तिला हात लावेनास. तेव्हा मला वाटलं, पोळी करपल्याचं तुला वाईट वाटतंय. कालपासून मी त्या धुराकडे पुन्हा पुन्हा जाते आहे. त्या वेळी तू म्हणू शकली असतीस, अगं वेडे, ती थाप होती, शेंगेला नवराच नव्हता. एका वाक्याचं काम होतं. तू तवा उतरवलास, हात पुसलेस आणि म्हणालीस, "मावशी माझी आहे. बदलापूरला." एवढी भित्री तू, बाबांना विचारल्याशिवाय नवा डबा घेतला नाहीस कधी. तुझ्यात हे कुठून आलं?

सोबतीला तू मला पाठवलंस. एकच स्टेशन, पण त्या एका स्टेशनभर काकू बोलत होत्या. चिखलोलीची भातशेती दिसली तर भाताबद्दल, बगळे दिसले तर बगळ्यांबद्दल, त्यांच्या गावच्या वहाळाबद्दल, मला किती वेण्या येतात त्याबद्दल. मला त्यांचा आवाज कसा आहे तेच आधी माहीत नव्हतं. मावशीआजीने काही विचारलं नाही, चुलीवर तांदूळ वाढवले फक्त. संध्याकाळच्या गाडीने तिच्या मुलाने, मामाने, मला परत आणून सोडलं. तू मला न्हाणीघरात नेलंस, कडी लावलीस आणि बजावलंस: कुणीही विचारलं तरी तुला काही माहीत नाही, बाबांनासुद्धा नाही. तो आला तर त्याला बसव, पाणी दे आणि मला हाक मार. त्याच्याशी काय बोलायचं ते मी बघीन.

रविवार सरला. तू गिरणीत दळण न्यायचं टाळलंस, पाण्याच्या नळावरही मलाच पाठवलंस, दार उघडं टाकून भाजी निवडत बसलीस. समोरचं दार बंद. सोमवारी शाळा अर्धी. दुपारी तू म्हणालीस, श्रावणी सोमवार आहे, जाऊन येते देवळात, अर्ध्या तासात येते. जुन्या महादेवावर बेल वाहून तू परत आलीस तेव्हा पावसाने पाठ भिजली होती, आणि चपला काढायच्या आधी विचारलंस, कुणी आलं होतं का? मी म्हटलं, नाही. तू माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवलास.

मग जे व्हायचं ते झालं. चौथ्या दिवशी बायकांना कळलं. कुणी विहिरी शोधल्या, कुणी मोरिवलीकडच्या ओढ्यावर माणसं धाडली, तेव्हा तू न राहवून त्या सुखरूप आहेत एवढंच सांगितलंस. कुठे आहेत ते त्यांना विचारल्याखेरीज सांगणार नाही म्हणालीस, आणि नवऱ्याने विचारलं तर त्याला सांगीन. नवरा काही विचारायला आला नाही. तो खाली मान घालून कामावर जायचा आणि यायचा. इंग्रजी सिनेमांनी बायका बिघडवल्या, असा गवगवा झाला. बाबांनी तुला स्वयंपाकघरात गाठलं, मी फळीखाली चिंचा सोलत होते. काय सांगितलंस तू त्यांना, त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, पडद्यावर होतं तेच. बाबा म्हणाले, "असेल." आई, बाबांना इंग्रजी येत होतं. पहिल्या रांगेत बसून त्यांनी तो सिनेमा पुरता पाहिला होता. त्यांना ठाऊक असणारच. हे मला काल रात्री उमगलं आणि मी उठून बसले. पुढच्या महिन्यापासून क्लबात संतांचे सिनेमे लागले. काकूंचा नवरा दिवाळीच्या आधी बदली मागून घेऊन निघून गेला. तुला कुणी काही बोललं नाही. तू मात्र त्यानंतर पोथीत छापलंय त्यापलीकडे एक अक्षर कधी सांगितलं नाहीस. मला निजवतानासुद्धा.

दोन वर्षांनी आपण कापड घ्यायला उल्हासनगरला गेलो, आठवतं? सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकी, दारादारांत पापड वाळत घातलेले, आणि एका बराकीत ओळीने शिलाई यंत्रं. मावशीआजीच्या ओळखीने काकू तिथे झंपर शिवत होत्या. आधी ऐकू आल्या, मग दिसल्या. हिंदी, मराठी, सिंधी एकत्र कालवून त्या बोलत होत्या. दुकानाची सिंधी मालकीण तुला म्हणाली, "ये तो रेडिओ है, माई, बंदही नहीं होता." काकूंनी आपल्याला चहा पाजला, माझ्या मापाचं पोलकं शिवून दिलं. तुझ्या जिवात जीव आलेला मला दिसला. निघताना त्या यंत्राच्या चाकावर हात ठेवून म्हणाल्या, "वहिनी, एक विचारू? ते आले होते का हो कधी, विचारायला?"

"नाही गं," तू म्हणालीस.

"एकदासुद्धा?"

"आला असता तर मी त्याला हाताला धरून आणलं नसतं का तुझ्याकडे?"

काकूंनी मान हलवली. म्हणाल्या, शेंगेचं नशीब मोठं हो. आणि यंत्र सुरू केलं. परतताना विठ्ठलवाडीच्या फलाटावर तू एकच वाक्य बोललीस, माझ्या जिभेला हाड नाही. शेवटच्या आजारपणातही तू दोनदा म्हणालीस, तो यायला हवा होता. मला वाटलं, तू सिनेमाला बोल लावते आहेस. तिकडे येतात, इकडे येत नाहीत, असं काहीतरी. मी तुझे पाय चेपत राहिले.

आता काल. मला धक्का कशाचा बसला ते नातवाला सांगता येईना. माझी आई थापाडी निघाली म्हणून काही मी लाडू हातात धरून थरथरत नव्हते. मी अकरा वर्षांची असताना मला खात्री होती की ही गोष्ट तिकडे, अमेरिकेत, पक्की घडून गेलेली आहे. तिला कुणी हात लावू शकत नाही. ती इकडच्या कुणाच्या आधाराने उभी आहे, तुझ्या एकटीच्या आशेवर उभी आहे, हे मला माहीत असतं तर मी जपून राहिले असते. तू एका बाईसाठी एक नवरा मनाने रचलास, त्याच्या तोंडी बोलणं घातलंस, आणि मग तो खरा होतो का ते पाहत तीन दिवस दार उघडं टाकून बसलीस. यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं, आई. असतं तर.

हा कागद मी सुनेच्या हाती लागू देणार नाही, आणि तुझ्यापर्यंत तो जायची सोय नाही, म्हणून लिहिते. त्या सोमवारी तू देवळात गेलीस आणि पाच मिनिटांत तो व्हरांड्यात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, कामावर गेलेला नव्हता. आधी तो चौकटीकडे बघून म्हणाला, इथं कुणाला ठाऊक असेल. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, सरळ माझ्याकडे, आणि म्हणाला, "बाळ, जाताना ती काही बोलली का?" अगदी मऊ आवाज होता त्याचा. मी त्याला बसवलं नाही, पाणी दिलं नाही. मी म्हटलं, मला काही माहीत नाही. मला त्याचा राग होता, आणि वाटलं, सहा वर्षं हिला ताटकळवलंय, याला एक दिवस ताटकळू दे, उद्या येईलच, गोष्टीत येतोच. तो बरं म्हणाला आणि गेला, आणि परत आलाच नाही. तू आल्यावर मी नाही म्हटलं, आणि एकदा नाही म्हटल्यावर उल्हासनगरच्या बराकीतही मला तोंड उघडता आलं नाही.

तो आला होता, आई. तू सांगितलं होतंस तसाच, तिसऱ्या दिवशी, दारी विचारत.